कासेतली जात आणि कोटीपोटातला पाला



शेळीच्या दुधाविषयी बोलायचे तर सुरुवात सुश्रुतापासून करावी असे मला वाटते. आज प्रयोगशाळेत जो प्रश्न विचारला जातो, तो त्याने फार पूर्वीच नीट मांडून ठेवला आहे. सुश्रुतसंहितेत शेळीच्या दुधाचे गुण सांगितले आहेत आणि त्या गुणांची कारणेही दिली आहेत : शेळीचे अंग लहान असते, ती तिखट-कडू पाला खाते, पाणी बेताने पिते आणि दिवसभर हिंडते. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात हेच दूध हलके का, याची कारणे दिली. त्यात कमी पाणी, हिंडणे आणि तिखट-कडू आहार एवढेच आले, लहान अंगाचा उल्लेख गळला. श्लोकाच्या मापात एखादा शब्द मावत नाही, म्हणून या गळण्यातून फार अर्थ काढू नये. पण दोन याद्या शेजारी ठेवल्या की प्रश्न स्वच्छ दिसतो. दुधाचा स्वभाव शेळीच्या अंगातून, म्हणजे तिच्या जातीतून आणि रक्तातून येतो, की तिच्या तोंडात पडणाऱ्या पाल्यातून? या व्याख्यानात मी दुधातल्या एकाच घटकापुरते, स्निग्धांशापुरते, या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. स्निग्धांश किती, हे ठरवण्यात जातीचा वाटा मोठा आहे. तो कसा, हे ठरवण्यात चाऱ्याचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. आपल्याकडे शेळीपालनाचा विचार पहिल्या प्रश्नापाशीच थांबतो आणि त्यात आपले नुकसान होते.

'कसा' म्हणजे काय, ते आधी पाहू. डेअरीवर 'फॅट लागली' असे आपण म्हणतो, तेव्हा गर्बर पद्धतीत गंधकाम्लाने प्रथिने विरघळवून, नळी फिरवून, वर आलेल्या स्निग्धांशाची उंची मोजलेली असते. आता यंत्रे बदलली, पण माप तेच राहिले. ही नळी स्निग्धांशाची जाडी सांगते, त्याची घडण सांगत नाही. स्निग्धांश हा एकच पदार्थ नव्हे. कार्बनच्या लहान-मोठ्या साखळ्यांची अनेक मेदाम्ले त्यात असतात आणि त्यांच्या प्रमाणावर दुधाचा वास, चव, तुपाचा कणीदारपणा आणि पचनाचा मार्ग अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरुल याने लोण्यातून ही आम्ले वेगळी करायला सुरुवात केली. पुढे त्यांपैकी सहा, आठ आणि दहा कार्बनच्या तीन आम्लांना जी नावे रूढ झाली, कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक, ती लॅटिनमधल्या शेळीच्या नावावरून, 'काप्रा'वरून आली आहेत. नाव उगीच पडलेले नाही. ही तीन आम्ले मिळून शेळीच्या दुधातल्या मेदाम्लांचा शेकडा १५ ते १८ भाग होतो. गाईच्या दुधात त्यांचा वाटा ५ ते ९ च असतो. शेळीच्या दुधातले स्निग्धकणही गाईच्या दुधातल्या कणांपेक्षा सरासरीने बारीक असतात, आणि कणांना एकमेकांशी चिकटवणारे प्रथिन त्यात जवळजवळ नसते. म्हणून हे दूध ठेवून दिले तरी त्यावर साय लवकर धरत नाही.

ही आम्ले येतात कोठून, हे कळल्याशिवाय जात आणि चारा यांचा हिशोब लागत नाही. दुधाच्या स्निग्धांशाला दोन उगम आहेत. चारा कोटीपोटात, म्हणजे शेळीच्या पहिल्या पोटात, आंबतो, त्यातून अ‍ॅसिटेट आणि ब्युटिरेट निघतात. त्यांच्यापासून बनलेले कच्चे द्रव्य रक्तातून कासेत पोहोचते आणि कास स्वतः त्यातून चार ते चौदा कार्बनच्या साखळ्या विणते. सोळा कार्बनच्या पामिटिक आम्लाचाही सुमारे अर्धा भाग तेथेच तयार होतो. साखळी किती लांब वाढवायची आणि कोठे तोडायची, हे कासेतल्या विकरांचे काम. शेळीची कास ती लवकर तोडते, म्हणून शेळीचे दूध 'कॅप्रिक' होते. अठरा कार्बनची लांब आम्ले मात्र कास बनवत नाही. ती चाऱ्यातून येतात किंवा शेळीच्या अंगावरच्या चरबीतून. म्हणजे एकाच भांड्यात दोन पाणवठ्यांचे पाणी आहे. पहिल्यावर जातीची पकड अधिक, दुसऱ्यावर चाऱ्याची. गाईंवरच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसते. कासेत विणलेल्या आम्लांची आनुवंशिकता जास्त, आणि चाऱ्यातून आलेल्या असंपृक्त आम्लांची कमी.

आता चाऱ्याचा पुरावा पाहू. तो केवळ 'जे खाल्ले ते दुधात उतरले' इतका सरळ नाही, म्हणून इथे थोडे रेंगाळावे लागेल. हिरव्या पानात स्निग्धांश अगदी थोडा, कोरड्या वजनाच्या शेकडा दोन-चार इतकाच असतो. पण त्यातला मोठा वाटा लिनोलेनिक या आम्लाचा असतो, कारण हे आम्ल हरितकणांच्या पापुद्र्यांत भरलेले असते. उलट मका, सरकी, सूर्यफूल यांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे राज्य असते. ही दोन्ही असंपृक्त आम्ले कोटीपोटात शिरली की तिथले जिवाणू त्यांच्यावर हायड्रोजन चढवून त्यांना संपृक्त करत नेतात. शेवटी बहुतेकांचे स्टिअरिक आम्ल होते. हे काम मात्र पायरी पायरीने चालते आणि वाटेत काही माल अर्धवट सुटतो. त्यात व्हॅक्सेनिक आम्ल मुख्य. ते रक्तातून कासेत गेले की कासेतले एक विकर त्यात एक नवा दुहेरी बंध घालते आणि रुमेनिक आम्ल तयार होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाची खास ओळख असलेले हे आम्ल. हेच विकर स्टिअरिकचे ओलेइक करते, आणि दुधातले लोणी मऊ राहण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्याला आहे. सारांश, शेळीने काय खाल्ले, ते जिवाणूंनी किती पुरे केले आणि अर्धे राहिलेले कासेने कसे वापरले, अशा तीन हातांतून दुधाची घडण होते. यातल्या पहिल्यावर शेळीपालकाचा पूर्ण ताबा, दुसऱ्यावर बराच, तिसऱ्यावर थोडा.

फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँजवळच्या संशोधन केंद्रात यीव्ह शिलियार आणि लॉरांस बर्नार यांच्या गटाने अनेक वर्षे शेळ्यांना वेगवेगळा चारा आणि तेलबिया देऊन दुधाचे पृथक्करण केले. त्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. खुराकात जवसाचे किंवा सूर्यफुलाचे तेल वाढवले की दहा ते सोळा कार्बनची आम्ले घटतात आणि अठरा कार्बनची वाढतात. तेल कोणते, बरोबरचा चारा कोणता, यावर रुमेनिकचे प्रमाण बदलते. दुसरी गोष्ट अधिक लक्ष देण्यासारखी आहे. तेल दिल्यावर गाईची फॅट पुष्कळदा घसरते, शेळीची मात्र बहुतेक वेळा वाढते. गोपालनातले नियम शेळीला लावू नयेत, याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. आपल्याकडची बरीच प्रशिक्षणे गाईच्या वहीतूनच शेळीचा खुराक ठरवतात. ती वही इथे चुकते.

चाऱ्याने स्निग्धांश बदलतो, याची कबुली आपल्या कायद्यानेही फार पूर्वी दिली आहे. तुपाची शुद्धता तपासताना वाफेबरोबर उडणाऱ्या लहान साखळीच्या आम्लांचे माप, म्हणजे रायखर्ट-माइस्ल मूल्य, घेतात. भेसळीच्या तुपात ते कमी येते. पण विदर्भ-खानदेशातल्या आणि सौराष्ट्रातल्या कपाशीच्या पट्ट्यात अगदी शुद्ध तुपाचेही मूल्य कमी यायचे, कारण तिथली जनावरे सरकी खात. म्हणून प्रमाणांत कपाशीच्या पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळी, खालची किमान मर्यादा ठरवावी लागली. हा दाखला गाई-म्हशींच्या तुपाचा आहे, शेळीचा नव्हे. तरी त्यातले सत्य थेट आहे : ताटात सरकी पडली की कासेतले विणकाम घटते आणि तुपाच्या आकड्यात ते दिसते. पेंड बदलली की तूप बदलले. आणि हे मान्य करायला कायद्याला कोणत्याही जनुकशास्त्राची गरज पडली नाही.

आता जातीची बाजू. ती कमकुवत आहे असे मी अजिबात म्हणणार नाही. स्वित्झर्लंडच्या सानेन खोऱ्यातली शेळी भरपूर दूध देते आणि तिची फॅट साधारण ३ ते ३.५ टक्के भरते. नुबियन शेळीची साडेचार-पाचपर्यंत जाते. नायजेरियन ड्वार्फ या ठेंगण्या जातीची ६ च्या वरही असते. दूध जास्त तितका टक्का कमी, हे उलटे प्रमाण बहुतेक जातींना लागू पडते. फ्रेंच शेळ्यांच्या जनुकसंचाच्या अभ्यासात स्निग्धांश बनवणाऱ्या एका विकराच्या जनुकात फॅट कमी करणारे दोन बदल सापडले. २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. त्याहून सुंदर गोष्ट अल्फा-एस१ केसीन या प्रथिनाच्या जनुकाची आहे. शेळीत या जनुकाची बरीच रूपे आढळतात. काही रूपांत हे प्रथिन भरपूर बनते, काहींत थोडे आणि काहींत मुळीच नाही. गंमत अशी की जनुक प्रथिनाचे असले तरी परिणाम स्निग्धांशावरही होतो. भरपूर केसीन असणाऱ्या शेळ्यांची फॅट जास्त आणि आठ ते बारा कार्बनच्या आम्लांचा वाटाही थोडा अधिक. कमी केसीनच्या शेळ्यांच्या दुधात स्निग्धांश तोडणारे लायपेज विकर अधिक काम करते, आम्ले मोकळी सुटतात आणि 'शेळीचा' उग्र वास वाढतो. शेळीच्या दुधाला वास येतो असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हा वास शेळीपणाचा एकसारखा ठसा नव्हे. तो रक्ताप्रमाणे, आणि धार काढल्यावर दूध कसे हाताळले जाते त्याप्रमाणे कमी-जास्त होतो.

मग माझ्या म्हणण्याला पहिला आक्षेप इथेच उभा राहतो : जातीचा इतका पुरावा देऊनही चाऱ्याचे पारडे जड कसे? उत्तर तुलनेच्या पद्धतीत आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत उस्मानाबादी शेळी बोरीचा, बाभळीचा, हिवराचा पाला खुडत फिरते. संगमनेरच्या परिसरातली संगमनेरी बांधावर आणि काढलेल्या पिकांच्या रानात चरते. कोकणातली कन्याळ दमट रानातला झाडपाला खाते, वऱ्हाडातली बेरारी कपाशीच्या पट्ट्यात वावरते. आणि सानेनच्या संकराची शेळी गोठ्यात गव्हाणीशी उभी राहून मका, पेंड आणि कडबाकुट्टी खाते. या पाच शेळ्यांचे दूध पाच बाटल्यांत भरून तपासले आणि फरक निघाला, तर तो जातीचा म्हणायचा की चाऱ्याचा? बाटली सांगू शकत नाही. प्रत्येक जात आपला मुलूख, आपला चारा आणि आपला वेताचा हंगाम बरोबर घेऊनच तपासणीला आलेली असते. जातींच्या कोष्टकांत जे फरक छापलेले दिसतात, त्यांतल्या पुष्कळांत ही गल्लत दडलेली आहे. गल्लत सोडवायचे दोनच मार्ग आहेत. वेगवेगळ्या जातींना एकाच गव्हाणीवर, वेताच्या एकाच महिन्यात ठेवून पाहणे, किंवा त्याच शेळ्यांना आळीपाळीने वेगळा चारा देऊन पाहणे. दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांत शेळी बदलत नाही, रक्त बदलत नाही, आणि तरी काही आठवड्यांत अठरा कार्बनच्या आम्लांचे चित्र पालटते. जातीने ते चित्र पालटायला पिढ्या लागतात. रचनेच्या प्रश्नात चाऱ्याचा हात मोठा आहे, असे मी म्हणतो ते याच आधारावर. कॅप्रिक आम्लाच्या बाबतीत मात्र मी जातीला, त्याहूनही शेळी या प्राण्यालाच, पहिला मान देईन.

वेताच्या महिन्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. व्यायल्यानंतरचे पहिले आठवडे शेळी अंगावरची चरबी मोडून दूध देते, तेव्हा दुधात ओलेइक वाढते आणि कासेत विणलेली आम्ले घटतात. हेच चित्र उपासमारीतही दिसते. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात रान करपते, शेळी हाडांवर येते, दूध आटते. जे थोडे मिळते ते दाट असते, आणि त्या दाटपणाला पाहून लोक 'उन्हाळ्यातले दूध कसदार' म्हणतात. त्या कसात शेळीचे स्वतःचे अंग झिजलेले असते. फॅटचा आकडा वाढला म्हणून चारा चांगला होता, असा निष्कर्ष काढणे केवढे चुकीचे ठरू शकते, ते यावरून कळावे.

पाल्यातल्या टॅनिनबद्दलही दोन शब्द. बाभूळ, खैर, सुबाभूळ यांच्या पानांत-शेंगांत तुरट द्रव्ये असतात. सुश्रुताच्या तिखट-कडू पाल्याला जवळचा आधुनिक शब्द शोधायचा तर तो इथे सापडेल. ही द्रव्ये कोटीपोटातल्या काही जिवाणूंना आवरतात, असंपृक्त आम्लांवर हायड्रोजन चढण्याचे काम मंदावते आणि अर्धवट सुटलेला माल वाढू शकतो. 'वाढतो' असे ठामपणे मी म्हणत नाही. टॅनिनचा प्रकार आणि मात्रा बदलली की प्रयोगांचे निकाल बदलतात, आणि मात्रा फार झाली तर शेळीचे खाणेच कमी होते. पण दिशा आशादायक आहे, आणि आपल्या रानातल्या झाडांवर आपल्याच शेळ्यांवर हे काम व्हायला हवे. भारतातल्या शेळ्यांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत सुमारे १४ कोटी ८९ लाख भरली, त्यात महाराष्ट्राचा वाटा एक कोटीच्या वर आहे. मथुरेजवळ मखदूमला केंद्र सरकारची शेळी संशोधन संस्था आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर, फलटणच्या निंबकर संस्थेत उस्मानाबादीवर काम झाले आहे. वंशसुधारणेचा पाया तयार आहे. त्याच पायावर झाडपाल्याचे आणि स्निग्धांशाचे काम उभे राहू शकते.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. दुधात रुमेनिक थोडे वाढले, ओमेगा-३ थोडे वाढले, तर माणसाला काय फरक पडतो? प्रामाणिक उत्तर असे की पेलाभर दुधातून मिळणारी मात्रा लहान आहे आणि माणसांवरचा पुरावा त्यावरून मोठे दावे करण्याइतका भक्कम नाही. मध्यम साखळीची आम्ले पचायला सोपी असतात आणि आतड्यातून थेट यकृताकडे जातात, हे खरे. पचनाच्या काही आजारांत डॉक्टर त्यांचा उपयोगही करतात. पण तीही संपृक्तच आम्ले आहेत. शेळीच्या दुधाने डेंग्यूत प्लेटलेट वाढतात, या समजुतीला विश्वासार्ह पुरावा नाही, आणि साथ आली की त्या समजुतीवर दुधाचा भाव चढवणे मला अन्यायाचे वाटते. त्याहून गंभीर गोष्ट तान्ह्या बाळांची. शेळीच्या दुधात फोलेट फारच कमी असते. गेल्या शतकात युरोपात केवळ या दुधावर वाढवलेल्या बाळांमध्ये रक्तक्षय आढळला होता. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ते देऊ नये. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यालाही ते बहुधा सोसत नाही, कारण प्रथिने जवळची आहेत. मी चाऱ्याची बाजू घेतो ती औषधासाठी नाही. दुधाची चव, त्याचे चीज, त्याचे तूप आणि ते विकणाऱ्याची ओळख त्या चाऱ्यात आहे. फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या रोव्ह शेळीच्या ताज्या चीजला कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा ती जात आणि झुडपी रानातले तिचे चरणे या दोन्ही गोष्टी अटींत आल्या. एकीवाचून दुसरीला तिथे किंमत नाही.

सर्वांत जड आक्षेप रानाचा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. शेळ्या रान खातात, कोवळे शेंडे खुडून झाड वाढू देत नाहीत, आणि चराऊ जमीन आधीच आक्रसली आहे. अशा वेळी पाल्याची महती सांगणे म्हणजे रान उजाड करायला सांगणे नव्हे काय? आक्षेपातले दुखणे खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष एकच नाही. शेळीला पाला हवा, तो तिने रानातच खुडला पाहिजे असे नाही. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावून, फांद्या छाटून गोठ्यात बांधता येतात. बंदिस्त शेळीपालनाचा अर्थ पेंड आणि मका एवढाच घेतला, ही खरी चूक आहे. गोठ्यात सुबाभळीची जुडी टांगली तर दुधात पाल्याची आम्ले उतरतील. अगदी डोंगरात चरल्यासारखा, वीस झाडांचा पाला मिळणार नाही, हे मान्य. म्हणूनच जिथे सामाईक गायरान अजून शिल्लक आहे, तिथे मर्यादेत आणि पाळीपाळीने चरण्याचा हक्क शेळीवाल्यांना राहिला पाहिजे. तो हक्क भूमिहीन घरातल्या बाईच्या हातची कमाई आहे, आणि बऱ्याच गावांत शेळ्या तीच राखते.

चौथा, थोडा व्यवहारी आक्षेप : रानपाल्यावरची उस्मानाबादी अर्धा-दीड लिटर देते, गोठ्यातली संकरित शेळी त्याच्या दुप्पट-तिप्पट. मग शेतकऱ्याने कमी दुधाची शेळी का पाळावी? लिटरवर आणि फॅटवरच पैसे मिळणार असतील तर त्याने पाळू नये, हेच उत्तर. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, दोष मापाचा आहे. शिवाय आपल्याकडचे शेळीचे बरेचसे दूध डेअरीपर्यंत येतच नाही. ते घरात, करडांच्या पोटात आणि चहात जाते. जे थोडे बाजारात येते, ते वेगळे म्हणून विकायचे असेल तर विकणाऱ्याने बाटलीवर तीन गोष्टी लिहाव्यात : शेळी कोणती, तिने या महिन्यात काय खाल्ले, आणि वेताचा कितवा महिना चालू आहे. जिल्ह्यात एका ठिकाणी जरी मेदाम्लांचे पृथक्करण करण्याची सोय झाली, तरी वर्षातून चार वेळा नमुने तपासून ही पाटी खरी आहे की नाही ते पाहता येईल. श्रावणात हिरव्या पाल्यावरचे दूध आणि वैशाखात बाभळीच्या वाळलेल्या शेंगांवरचे दूध, त्याच गावचे, त्याच कळपाचे, कागदावर शेजारी शेजारी येईल.